इंदूच्या फोटोखालची मेणबत्ती

...आणि वर लिहितात, ‘सर, खचू नका, काळ हेच औषध आहे!’ अहो, पण कशावरचं औषध? आजार कुठला? त्या दिवशी बायको आत स्वयंपाकघरात उभी आहे माझी, शेंगदाण्याचं कूट करतेय, मिक्सरचा आवाज अख्ख्या वारज्याला ऐकू जातोय, आणि इकडे खुर्चीत बसून मी वाचतोय काय, तर ‘वहिनींच्या आत्म्यास शांती लाभो’! तुम्हाला सांगतो, आम्ही बौद्ध माणसं. आमच्यात मुळात आत्माच मानत नाहीत. म्हणजे बायको जिवंत, आत्मा नाही, आणि शांतीचं म्हणाल तर मिक्सर चालू! मग लाभायचं काय आणि कोणाला?... आता माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण इतकं?

बसा, बसा तुम्ही. जेवणाला अजून अवकाश आहे. नातीनं, पूर्वानं, हा माइक माझ्या हातात कोंबलाय. ‘आजोबा, आजी रेडी होतेय, तोवर तुम्ही पब्लिकला जरा एंगेज करा ना!’ एंगेज! जन्मभर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं मी, एकही वर्ग कधी एंगेज झाल्याचं मला आठवत नाही. मागच्या बाकावरची मुलं तर झोपेत मान हलवायची आणि मला वाटायचं, पटतंय त्यांना. आणि तुम्ही तर आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आलेली माणसं, भुकेली, मे महिन्यातली. तुम्हाला मी काय एंगेज करणार?

आणि हो, तुमच्यातले काही जण मघापासून माझ्या कोटाकडे बघताहेत. दिसतंय मला. एवढ्या उकाड्यात हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून का बसलाय? बरं वाटतंय मला. ताप नाही. कोटाचं नंतर सांगतो. तो पंखा जरा इकडे वळवा फक्त.

तर गोष्ट अशी आहे की पलीकडच्या खोलीत कॉटवर दोन साड्या पडल्यात. एक पोपटी पैठणी, सूनबाईनं हौसेनं आणलेली. दुसरी पांढरी, इंदूच्या लग्नातली, सहासष्ट सालची. यातली कुठली नेसून ती बाहेर येणार, मला माहीत नाही. विचारायची हिंमत नाही. दोन महिन्यांपूर्वी हा प्रश्नच नव्हता हो! पांढरीच नेसायची, ठरलेलं होतं. मग मी मध्ये पडलो. मी, पीएचडी!

सुरुवात पूर्वानं केली. ती हिंजवडीला असते, कम्प्युटरमध्ये. म्हणजे नेमकं काय करते ते मी तिला तीनदा विचारलंय आणि तिन्ही वेळा मान हलवलीय. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलांचं दुःख आता मला कळतं. तर तिच्या मित्रमैत्रिणींनी एक वेबसाइट काढली, ‘माझी स्टाइल’ म्हणून. त्यात तुम्ही तुमचा फोटो टाकायचा, काय घातलंय ते दाखवायचं, आणि जगानं तुम्हाला तारे द्यायचे. मी म्हटलं, ‘जगाला दुसरी कामं नाहीत का?’ तर म्हणते, ‘आजोबा, क्लोद्स आर एक्स्प्रेशन! तुमचं आतलं काय आहे ते कपड्यांतून बाहेर यायला पाहिजे!’ मी खाली पाहिलं. पांढरा हाफ शर्ट, करडी पँट, खिशाला पेन. आतलं काय बाहेर येत होतं? पेनाची शाई येत होती थोडी.

पण मला बसवलंच तिनं समोर. ती साइट आधी प्रश्न विचारते. परीक्षा म्हटल्यावर मी सरसावून बसलो. ‘रविवारी तुम्ही काय घालता?’ आता रविवारी मी तेच घालतो जे शनिवारी दोरीवरून काढलं. ‘तुमच्या कपाटात कोणता रंग सर्वांत जास्त?’ अहो, दोन शर्टांत सर्वांत जास्त कसं ठरवायचं? एवढ्याशा आकड्यांवरून निष्कर्ष काढणं शास्त्रात बसत नाही, असं मी तिथे लिहिणार होतो, पण लिहायला जागाच नव्हती, नुसते गोल होते टिचकी मारायला. मारल्या टिचक्या. शेवटी निकाल आला, ‘अभिनंदन! तुम्ही आहात क्लासिक मिनिमलिस्ट!’ मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हातारपणी कोणी कुठली पदवी देत नाही. मी आत जाऊन इंदूला सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे काय?’ मी म्हटलं, ‘म्हणजे कमी गोष्टींत...’ ती म्हणाली, ‘म्हणजे दोन शर्ट.’ आणि कुकर लावला.

आता इंदू. तुम्ही ओळखताच. खडकीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. अहो, स्टाइल म्हणाल तर ती तिच्याकडे! सुती साडी, तांदळाच्या पेजेची खळ दिलेली, निऱ्या अशा की पट्टी लावून मोजाव्यात. ती शाळेच्या फाटकातून आत आली की मुलं शर्ट खोचायची. कोणाला काही बोलावं लागायचं नाही. सकाळी ती आरशासमोर पदराला पिन लावायची, तेव्हा मी पेपरआडून बघायचो. वर्षानुवर्षं. पेपरात काय होतं ते मला विचारू नका.

तर एके दिवशी ती लग्नातली साडी नेसून बघत होती, पन्नासाव्या वाढदिवसासाठी. गॅलरीत उभी राहिली उजेडाला, काठ कुठे विरलाय का बघायला. आणि तुम्हाला सांगतो... मला शब्द सुचले नाहीत. मला शब्द कधीच वेळेवर सुचत नाहीत, मला ते निवृत्तीनंतर सुचायला लागलेत. पण हातात मोबाइल होता. काढला फोटो. आणि मनात आलं, आपल्याला तोंडानं सांगता येत नाही ना, ते या साइटवर सांगू. जगालाच सांगू, की बघा, ही माझी बायको, ही तिची स्टाइल, द्या काय तारे द्यायचेत ते! हेतू वाईट होता का? तुम्हीच सांगा.

फोटोत एक अडचण होती. मागे दोरीवर माझे दोन्ही शर्ट वाळत होते आणि एक नारिंगी पंचा. त्या साइटवर एक बटण आहे, ‘जुन्या काळचा रंग.’ ते दाबलं की फोटो काळा-पांढरा होतो. दाबलं. पंचा दिसेनासा झाला. मग विचारलं, ‘चौकट हवी का?’ मी म्हटलं हवी, बिनचौकटीचा फोटो बरा दिसत नाही. फुलांची निवडली. मग विचारलं, ‘एखादं चिन्ह लावायचंय का?’ त्यात फुगे होते, बदाम होते, डोळा मारणारं एक तोंड होतं. मुख्याध्यापिकेच्या फोटोखाली डोळा मारणारं तोंड लावू मी? शेवटी मला एक छान, शांत, जळती मेणबत्ती सापडली. आता आमच्यात मेणबत्ती म्हणजे शुभ! विहारात जा, बुद्धांपुढे मेणबत्ती. घरात मंगल काही असू द्या, मेणबत्ती. आमच्या लग्नात याच बाईनं माझ्या शेजारी उभं राहून मेणबत्ती लावली होती! मी लावली. फोटोखाली. बरोबर मधोमध.

मग म्हणे, ‘तुमची स्टाइल तीन शब्दांत सांगा.’ तीन! शंभर पानांचा प्रबंध सांगा, लिहितो. तीन शब्दांत माणसाला घाम फुटतो. शब्दकोश काढला. एक शब्द लिहावा, वाटावं फार झालं, खोडावा, वाटावं कमी पडलं. शेवटी तिलाच विचारलं, ‘इंदू, तुला तीन शब्दांत मांडायचं झालं तर काय म्हणशील?’ ती म्हणाली, ‘चहा हवाय का? झाले तीन. हवाय का?’

चहा घेतला आणि मी लिहिलं, ‘शुभ्र, शांत, अविस्मरणीय.’ मला आवडलं. मग ओघात खाली आणखी लिहिलं, ‘इंदू. पन्नास वर्षांची अखंड साथ. असं दुसरं कोणी होणे नाही.’

काय हसताय? मला काय माहीत? मी प्रेमानं लिहिलं होतं!

काळा-पांढरा फोटो. फुलांची चौकट. पांढरी साडी. खाली मेणबत्ती. ‘असं दुसरं कोणी होणे नाही.’ आणि शेवटी एक बटण होतं, ‘सर्वांना कळवा.’ मी म्हटलं, कळवू या की. चांगली गोष्ट आहे. दाबलं... गेलं सगळीकडे! विद्यार्थी, सहकारी, नातेवाईक, सोसायटी, एका परिषदेत एकदाच भेटलेला एक नॉर्वेचा माणूस, सगळीकडे! आता माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही.

अर्धा तास तारे आले नाहीत. मग एकदम टिंग. टिंग टिंग. टिंगटिंगटिंग! मी खूश. उघडून बघतो तर ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली पुन्हा तेच, आणि त्याखाली एकानं नुसतं ‘भा.पू.श्र.’ घाईत असेल. कोणी लिहिलंय ‘निःशब्द’, आणि पुढे चांगल्या आठ ओळी. कोणी लिहिलंय, ‘विश्वास बसत नाही, परवाच मंडईत दिसल्या होत्या, कोथिंबिरीवरून भाव करत होत्या.’ अहो, दिसल्या होत्या ना? मग ठेवा की विश्वास! राकेश म्हणून माझा एक विद्यार्थी, हुशार मुलगा, सुवर्णपदक मिळवलेला, त्यानंच ते लिहिलं, ‘सर, खचू नका.’ सुवर्णपदक मी शिफारस करून दिलं होतं त्याला. पुरावा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हा माझा पहिला तास असायचा. तो त्या दिवशी गैरहजर असणार.

आता मी घाबरलो. पण शिस्तीचा माणूस मी, प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला बसलो. सभ्यपणे. एकदम ‘ती जिवंत आहे’ असं लिहिणं मला उद्धट वाटलं, माणसं बिचारी दुःखात आहेत. म्हणून मी लिहिलं, ‘आपण व्यक्त केलेल्या सहवेदनेबद्दल मी आणि माझे कुटुंबीय आपले अंतःकरणापासून ऋणी आहोत. आपल्यासारख्यांच्या आधारामुळेच असे प्रसंग निभावता येतात. तथापि, वस्तुस्थिती किंचित वेगळी असून...’ आणि मग वस्तुस्थिती. सविस्तर. तुम्हाला सांगतो, ती साइट काय करते माहिती आहे? पहिल्या दोन ओळी दाखवते आणि बाकीचं झाकून ठेवते! खाली बारीक अक्षरात ‘पुढे वाचा.’ या देशात ‘पुढे वाचा’ कोण वाचतं? ‘तथापि’पर्यंत एक जण पोचला नाही हो! लोकांना वाटलं, सर स्वतः दुजोरा देताहेत. तासाभरात श्रद्धांजल्या दुप्पट.

पूर्वाला फोन केला. ती मीटिंगमध्ये. हळू आवाजात म्हणते, ‘आजोबा, चिल! ओन्ली कमेंट्स आहेत यार, डिलीट मारा ना!’ मी म्हटलं, ‘बाळा, माणसांनी तुझ्या आजीबद्दल इतकं चांगलं लिहिलंय, ते पुसून कसं टाकू?’ खरंच सांगतो, मला ते पुसवेना. कोणी लिहिलं होतं, ‘बाईंनी माझी फी भरली होती.’ कोणी लिहिलं होतं, ‘बाईंसारखी साडी नेसता यावी म्हणून मी शिक्षिका झाले.’ जिवंतपणी हे कोणी तिला सांगितलं नव्हतं. मीसुद्धा कुठे सांगितलं होतं? सगळे ‘तथापि’च्या पुढे ठेवून बसलो होतो.

तेवढ्यात बेल वाजली. इंदूनं दार उघडलं. दारात खालच्या मजल्यावरच्या विमलाबाई, डोळ्यांना पदर, हातात डबा. आपल्याकडे रीत आहे ना, ज्यांच्या घरी कोणी गेलं त्यांच्याकडे चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची. विमलाबाईंनी आणली होती. आणि दार उघडलं कोणी? जी गेली तिनं! विमलाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. इंदूनं डब्याकडे पाहिलं, विमलाबाईंकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे पाहिलं. शाळेत ज्या नजरेनं ती इन्स्पेक्टरांना पाणी पाजायची, ती नजर. एवढंच म्हणाली, ‘कोण गेलं?’

मी म्हटलं, ‘तू.’

दुसरं काय म्हणणार?

तिनं चष्मा लावला, मोबाइल घेतला, सगळं वाचलं. खालपासून वरपर्यंत. मग डबा उघडून चव घेतली. ‘विमलाबाई, मीठ कमी पडलंय. दुःखात होतं असं. या, बसा, चहा टाकते.’ नंतर बेल वाजतच राहिली हो. संध्याकाळपर्यंत ओट्यावर पिठल्याची सात भांडी, प्रत्येकाचं वेगळं! इंदू चव घेत होती आणि तोंडी गुण देत होती.

मग लोणी काळभोरहून गेनबाचा फोन. हा माझा चुलतभाऊ, हा काय तिसऱ्या रांगेत बसलाय. ‘दादा! वैनी गेली म्हनं! आन आमाला फोन न्हाई, सांगावा न्हाई! आमी काय परकं हाय का?’ मी म्हणतोय, गेनबा, ऐक, तथापि... तो कशाचा ऐकतोय! ‘जीप भरलीया दादा, निगालोच आमी!’ इंदूनं माझ्या हातातून फोन घेतला. ‘गेनबाभाऊजी, मी बोलतेय.’ तिकडून बारीक आवाज, ‘मी कोन?’ इंदू म्हणाली, ‘गेलेली.’ मग म्हणतो, ‘वैनी, मंग जीपीचं काय करू? भरलीया.’ ‘भरलीय तर आणा. पिठलं बरंच जमलंय.’ आले की हो! अकरा माणसं, जेवून गेली. मी गेनबाला बाजूला घेऊन विचारलं, ‘अरे, फोटो नीट बघितलास का? आपल्यात पांढरी साडी लग्नात नेसतात, तुझ्या बायकोनं नाही का नेसली?’ म्हणतो, ‘दादा, फोटू कोन बगतंय? खालचं वाचलं. समदेच लिवत हुते, आमी बी लिवलं.’

तो दिवस हसण्यावारी गेला. मला वाटलं, निभावलं.

दोन दिवसांनी कपाटातून माझी शाल काढायला गेलो, तर सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ती पांढरी साडी. पार तळाशी. मी म्हटलं, ‘अगं, ही बाहेर होती ना? वाढदिवसाला...’ ती पाठमोरी होती. म्हणाली, ‘पोपटी नेसते. सूनबाईनं एवढ्या प्रेमानं आणलीय.’ मी म्हटलं, ‘पण इंदू...’ ती म्हणाली, ‘अहो, हॉल भरून माणसं येणार. सोसायटीची, तुमच्या विद्यापीठातली, पूर्वाच्या ऑफिसातली. प्रत्येकाला सांगत बसू का, की आमच्यात पांढरं शुभ असतं, मी मेलेली नाही, विधवा नाही? जन्मभर समजावलं. शाळेत समजावलं, शेजारी समजावलं. दमले मी आता.’

आवाजात राग नव्हता हो. राग असता तर मी निश्चिंत असतो, तिच्या रागाची सवय आहे मला. ‘दमले’ हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

कारण तुम्हाला सांगतो, त्या साडीसाठी ही बाई वयाच्या विसाव्या वर्षी काय उभी राहिली होती! छप्पन साली आमच्या माणसांनी धम्म घेतला. त्यानंतर दहा वर्षांनी आमचं लग्न. माझे वडील रावसाहेब, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. त्यांनी सुनेसाठी स्वतः जाऊन साडी आणली, पांढरी, निळ्या काठाची. नव्या रीतीनं लग्न, नवी साडी. आणि माझी आई, चंद्रभागा, जुन्या वळणाची, तिनं ती साडी बघितली आणि क्वार्टर्सच्या अंगणात बसकण मारली. ‘नवरीला पांढरं? माझा पोरगा जिता हाय अजून! त्याला आजच पोचवताय व्हय?’ म्हणजे बघा, तेव्हा साडीनं मला मारलं होतं, आता हिला! वडील गप्प. पाहुणे गप्प. मी नवरदेव, मी तर काय, गप्प बसण्यात तेव्हापासूनच प्रवीण. आणि ही कालची पोर, माझ्या आईसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, ‘आत्या, पांढऱ्यावर डाग पटकन दिसतो. म्हणूनच नेसायचं. बघू दे कोण डाग दाखवतंय ते.’

आईनं बघितलं तिच्याकडे. मग उठली आणि स्वतःच्या हातानं तिच्या निऱ्या घातल्या.

त्या बाईला एका वेबसाइटनं दमवलं. वेबसाइटनं कसलं, मी दमवलं. मेणबत्ती मी लावली. आता माझंच चुकलं... नाही, इथे असेल-बिसेल काही नाही.

मग मी काय केलं? काही नाही. मी काळजी केली. काळजी करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. रोज ती साइट उघडून बसायचो, कुठे एखाद्यानं तरी ‘पुढे वाचा’ वाचलंय का बघायला. आणि एक दिवस त्या सगळ्या श्रद्धांजल्यांच्या खाली एक वेगळंच सापडलं. उत्कर्षा म्हणून कोणी मुलगी. तिनं लिहिलं होतं... पाठ आहे मला. ‘आजी, तुम्ही आता नाहीत हे वाचून खूप वाईट वाटलं. मी मूळची भंडाऱ्याची, इथे हिंजवडीत जॉब करते. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. आई म्हणते, पांढरीच नेस. मैत्रिणी म्हणतात, ऑफिसचे लोक येणार, फोटो ऑनलाइन जाणार, लाल घागरा घे. मी तुमचा फोटो बघत बसलेय. फोटो काळा-पांढरा आहे, पण काठ निळाच असणार ना? आणि निऱ्या इतक्या सरळ कशा राहिल्या? तुम्ही असता तर विचारलं असतं.’

आता हे इंदूला दाखवावं की नाही? दाखवलं तर आणखी दुखेल का? नाही दाखवलं तर लपवल्यासारखं होईल का? दोन्हीकडून विचार करून झाला, तिसरी बाजू शोधत होतो. शेवटी ती तांदूळ निवडत होती, तिच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवला आणि मी गॅलरीत निघून गेलो. पंचा काढायला. ओला होता अजून.

मी डोकावून बघितलं. चष्मा नाकावर, एक बोट हवेत. त्या बोटानं ती एकेक अक्षर शोधत होती. इंटरनेटवर तिनं लिहिलेले हे पहिले शब्द, तुम्हाला सांगतो. मी तीन शब्दांसाठी शब्दकोश पालथा घातला होता, तिलाही तीनच लागले. ‘मी आहे. विचार.’

आणि त्या पोरीनं विचारलं हो! आधी किंचाळली असणार, मग विचारलं. फोनच आला. पुढचा तासभर माझ्या घरात एकच विषय. ‘पेज गाळून घ्यायची, अगदी पातळ, मीठ टाकायचं नाही... अगं नाही, साडी पूर्ण वाळू द्यायची नाही, जराशी ओलसर असतानाच इस्त्री... काठ? निळाच! तुला बरं कळलं!’ आणि मध्येच हसली. पलीकडून काय विचारलं माहीत नाही, पण ही म्हणाली, ‘ते? ते माझे मिस्टर. त्यांनीच मारलं मला. मनानं चांगले आहेत.’

पन्नास वर्षांत माझ्याविषयी तिनं दिलेलं हे पहिलं लेखी-तोंडी प्रमाणपत्र.

ती बघा उत्कर्षा, खिडकीपाशी, जीन्स घातलेली. उठू नकोस बाळा, बस. लग्नाला आठ दिवस राहिलेत तिच्या आणि साडीचं अजून ठरलेलं नाही. तीसुद्धा माझ्यासारखीच त्या दाराकडे बघतेय.

कारण फोन ठेवल्यावर इंदूनं काय ठरवलं, ते कोणालाच सांगितलेलं नाही. सकाळी फडक्यातून साडी काढली, हे मी बघितलं. खळ दिल्याचा वासही आला. पण पैठणीलाही इस्त्री केलीय. आणि मी... हां, आता कोटाचं सांगतो.

हा कोट तपकिरी आहे. आत पांढरा शर्ट आहे. नवा, फुल बाह्यांचा, लग्नात होता तस्सा. खडकी बाजारातल्या पोपट टेलरकडून शिवून घेतलाय, पँटसुद्धा. पोपटराव म्हणाला, ‘सर, या वयात एवढं पांढरं? आमटी सांडली तर?’ मी म्हटलं, ‘दिसू दे डाग.’ म्हणजे मनातल्या मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, ‘सांभाळून जेवीन.’ पण घरी आल्यावर विचारात पडलो. ती पोपटी नेसून आली आणि मी पांढऱ्यात, तर तिला वाटेल मी टोमणा मारतोय. ती पांढरी नेसून आली आणि मी तपकिरी, तर ती या भरल्या हॉलमध्ये पुन्हा एकटी पडेल, त्या अंगणात पडली होती तशी. म्हणून वरून कोट. ती पोपटी आली तर बटणं बंद. पँट पांढरी दिसतेय ती मळखाऊ क्रीम आहे असं मी सांगणार होतो. आता माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही, पण दुसरं काही सुच...

दार.

थांबा. दार उघडलं.

...

काठ निळाच आहे. धुऊन धुऊन आभाळासारखा झालाय, पण निळाच आहे. उत्कर्षा, बघ. बघतेयस ना? मी जरा... हा माइक धरा कोणीतरी, मला बटणं काढायचीत. वरचं निघत नाहीये... पूर्वा, हसू नकोस, ओढ ही बाही. हां. निघाला.

काय गं? अशी बघतेस काय? बरा नाही का दिसत? फार झालं का पांढरं?

ऐका, ऐका ती काय म्हणतेय! ‘तेव्हा सासूबाईंनी तुम्हाला पोचवलं, परवा तुम्ही मला पोचवलंत. आता उभे राहा इथे. काढ गं पूर्वा फोटो. येऊ दे श्रद्धांजली जोडीनं.’

काढला फोटो. रंगीत. चौकट नाही. मेणबत्ती... राहू दे मेणबत्ती, ती म्हणतेय, राहू दे. पूर्वा विचारतेय, ‘आजोबा, खाली काय लिहू?’ नाही! मी नाही सांगणार! मला विचारूच नका. इंदू, तू सांग. काय? ‘आम्ही आहोत. जेवायला या.’ बास, एवढंच. यात ‘तथापि’ नाही, ‘पुढे वाचा’ नाही. दाबा बटण.

टिंग.

आला पहिला! वाचा कोणीतरी, माझा चष्मा कोटात राहिला... हात जोडल्याचं चित्र, आणि काय? ‘भावपूर्ण’? पुढे? पुढे तेच? कोणी लिहिलंय?

गेनबा! अरे, समोर बसलायस तू! तिसऱ्या रांगेत! वहिनी दिसतेय ना तुला? मी दिसतोय ना?

‘दादा, चुकून झालं. बोटाला सवय लागलीया.’

...बोटाला सवय! घ्या. माझंच चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही. चला, उठा सगळे, पानं वाढलीत. पहिली वाढ पिठलं-भाकरीची आहे. इंदूनं मुद्दाम सांगून ठेवलंय, सगळ्यांचं परत करायचंय.